डाव्या तर्जनीखालचं बटण

विम्याच्या कंपनीत मी सव्वीस वर्षं लोकांचे दावे तपासले. ऑफिसात मला ‘नामंजूर’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कामाची पद्धत सोपी होती. अपघात आणि अपघात झालेला माणूस यांच्यामध्ये कुठेतरी एक छापील सूचना असतेच. मशीन बंद करून मगच साफ करा. शिडीवर एका वेळी एकानेच चढा. ती सूचना हुडकायची, ती पाळली नव्हती हे त्या माणसाच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि खाली सही करायची. माणसं सूचना वाचत नाहीत या एका पायावर आमचा अख्खा विभाग उभा होता, आणि तो पाया कधी खचला नाही.

निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मिळून मला एक रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर भेट दिलं. यामागे त्यांचा काही हेतू असावा अशी शंका मला पुढे यायला लागली. कारण हे पोरांचं खेळणं नव्हतं. पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वादोन फूट. पाती कार्बन फायबरची, कडेने हात फिरवला तर पट्टीसारखी लागणारी. फिरायला लागली की मिनिटाला अडीच हजार फेरे. खोक्यावर चौदा वर्षांखालील मुलांसाठी नाही असं छापलं होतं. पंचावन्नच्या वरच्यांबद्दल काही नव्हतं.

त्याच्याबरोबर जो ट्रान्समीटर येतो, त्याला लोक रिमोट म्हणतात, पण त्याचा टीव्हीच्या रिमोटशी तेवढाच संबंध आहे जेवढा माझा विमानाशी. दोन दांड्या, आठ बटणं, एक पडदा, एक फिरवायचं चाक आणि एकशे बारा पानांचं पुस्तक. हेलिकॉप्टर स्वतः ठार अडाणी असतं. दांडी किती ढकलली तर पाती किती कलायची, मोटरला किती ताकद द्यायची, शेपटीने कुठल्या बाजूला वळायचं, हे सगळं आपण ट्रान्समीटरमध्ये आकडे भरून त्याला सांगायचं. याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. मला वाटलं, फॉर्म भरणं आहे. फॉर्म तर मी जन्मभर बघितले.

अशी हेलिकॉप्टरं उडवायच्या मैदानावर एक मास्तर होते. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. नव्या माणसाचा ट्रान्समीटर ते स्वतः तपासत आणि मगच उडवू देत. मला त्यांनी दोनदा नापास केलं. पहिल्या वेळी शेपटी उलटी वळत होती. दुसऱ्या वेळी त्यांनी पडद्यावरची दोन पानं चाळली आणि काही न बोलता ट्रान्समीटर परत माझ्या हातात ठेवला. ते मला जास्त लागलं. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याने अख्खा मोसम कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसायचं, असा त्यांचा कायदा होता. तिसरी वेळ रविवारी सकाळी होती. मी बोलतोय ती गोष्ट शनिवारी दुपारची.

शनिवारी दुपारी घरात आम्ही दोघंच असतो, मी आणि माझे सासरे, नाना. बायको दातांची डॉक्टर आहे. तिचा दवाखाना याच इमारतीत तळमजल्यावर, ती बरोबर दीडला जेवायला वर येते. नाना एक्क्याऐंशीचे. सुतार. साडेबाराला खिडकीजवळच्या खुर्चीत डुलकी काढतात. त्याआधी चष्मा आणि कानातलं यंत्र काढून जेवणाच्या टेबलावर एका स्टीलच्या वाटीत ठेवतात. ती वाटी गेली कित्येक वर्षं त्याच कोपऱ्यात आहे. यंत्राशिवाय त्यांना दारावरची बेल काय, दार पडलेलंही ऐकू येत नाही.

नानांच्या उजव्या हाताला करंगळी आणि अनामिका नाहीत. चोवीस वर्षांपूर्वी कारखान्यात गोल करवतीखाली गेल्या. त्यांचा दावा आमच्या कंपनीकडे आला आणि फिरत फिरत माझ्या टेबलावर पडला. फॉर्मवर प्रश्न होता, अपघाताच्या वेळी पात्यावर संरक्षक गार्ड बसवलेला होता का. त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. मी लिहिलं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा, आणि दावा नामंजूर केला. त्याच्याविरुद्ध अपील घेऊन त्यांची मुलगी आली. दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मी अपीलही नामंजूर केलं. मुलगी मात्र पुढे दोन वर्षांनी मला मंजूर झाली, किंवा मी तिला झालो. कसा, हे आमच्या दोन्ही घरांना आजतागायत कळलेलं नाही. नानांनी त्या दाव्याचा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. बायको काढते. वर्षातून चारेक वेळा, भांडण दुसऱ्याच कशावरून तरी चाललेलं असताना.

तर टेबल. त्याच्यावर मध्यभागी हेलिकॉप्टर, कोपऱ्यात वाटी, आणि पात्याचं टोक वाटीच्या वीतभर वर. आकडे भरताना पाती काढून ठेवायची, हे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर चौकटीत होतं. मास्तरांनीही बजावलं होतं. पण पाती काढून परत नीट बसवायला वीस मिनिटं लागतात आणि मोटर मला चालवायचीच नव्हती. या वाक्याने सुरू होणारे जबाब मी शेकड्यांनी वाचले आहेत.

आता मी काय काय करून ठेवलं ते सांगतो. दांडीच्या तळापासून माथ्यापर्यंत पाच टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर मोटरला किती टक्के ताकद, तो आकडा आपण भरायचा. शिवाय असे पाच आकडे तीनदा भरायचे, कारण हेलिकॉप्टरला तीन चाली असतात आणि एका बटणाने चाल बदलते. पहिली चाल जमिनीवरून उठायची. तिच्यात तळाशी शून्य लागतं, म्हणजे दांडी खाली असताना मोटर गप्प. दुसरी आणि तिसरी कसरतीच्या. त्यांत पाचही टप्प्यांवर ताकद सारखीच ठेवतात. मी दुसऱ्या चालीत पाचही ठिकाणी पंचाहत्तर भरले. मग पडद्यावर प्रश्न आला, हेच सगळ्या चालींना लावू का. मी ‘हो’ केलं. दहा आकडे भरायचे वाचले.

मग होल्ड. हे बटण दाबलं की दांडी काहीही म्हणो, मोटरला शून्य. मास्तर म्हणाले होते, होल्ड असं ठेवा की बोट न बघता तिथे जाईल. डाव्या खांद्याला, तर्जनीच्या अगदी खाली, एक फार गोड बटण होतं. ओढायला मऊ. मी होल्ड तिथे नेमलं, ओढून बघितलं, पडद्यावर ‘होल्ड’ उमटलं. आणखी एक पान आलं, सिग्नल गेल्यास मोटरने काय करावं, असं काहीसं विचारणारं. त्यावर आधीच काहीतरी निवडलेलं होतं. मी ‘ठीक’ दाबलं.

एवढं झाल्यावर शेपटी तेवढी सुलटी वळते का बघू म्हणून मी हेलिकॉप्टरची बॅटरी जोडली. ही जोडणी दोन्ही हातांनी आणि दातओठ खाऊन करावी लागते, इतका तो प्लग घट्ट असतो. जोडल्यावर मोटरचा कंट्रोलर टिक् टिक् करत बसला. त्याला एक शहाणपण शिकवलेलं असतं. एकदा शून्य दिसल्याशिवाय तो मोटरला हात लावू देत नाही. एकदा दिसलं, की त्याचं समाधान होतं आणि तो पुन्हा विचारत नाही. आमच्या विभागात असा माणूस फार वर गेला असता.

शून्य कुठून दिसणार, सगळीकडे पंचाहत्तर. मग मला होल्ड आठवलं. तर्जनीने बटण ओढलं. कंट्रोलरने तीन सूर काढले, चढत्या क्रमाने, फार आनंदी. मलाही बरं वाटलं. मी बोट सैल सोडलं.

पाती फिरली. अर्धा फेरा, सावकाश, मोटर हळू सुरू व्हावी अशी सोय असते म्हणून सावकाश. तेवढ्यात माझं बोट आपोआप परत आवळलं आणि दुसरं पातं वाटीवर येऊन थांबलं.

ते बटण स्प्रिंगचं होतं. सोडलं की परत जागेवर जाणारं. शिकवणीसाठी असतं ते; गुरूने बोट उचललं की ताबा झटकन गुरूकडे परत यावा म्हणून. मास्तरांनी दाखवलं होतं. मी त्या वेळी दुसऱ्या कोणाची तरी शेपटी बघत होतो.

म्हणजे आता माझं डावं बोट आणि पंचाहत्तर टक्के ताकद, यांच्यामध्ये दुसरं काही नव्हतं. चाल बदलून उपयोग नव्हता, तिन्ही चाली मी सारख्या करून ठेवल्या होत्या. दांडी तर तळाशीच होती. आणि दुसऱ्या खेपेला पाती सावकाश फिरत नाहीत, एवढं मला पक्कं आठवत होतं. होल्ड एकदा लावून सोडलं की कंट्रोलर समजतो की आपण हवेत आहोत आणि घाई आहे.

मी उभा राहिलो. का, ते माहीत नाही. संकटात लोक उभे राहतात असं माझं निरीक्षण आहे.

ट्रान्समीटर बंद करावा, तर सिग्नल जाणार, आणि सिग्नल गेल्यावर मोटरने काय करायचं ते मी न वाचता ठीक म्हणून ठरवून टाकलेलं. प्लग काढावा, तर दोन हात पाहिजेत, आणि माझ्याकडे एकच मोकळा. हेलिकॉप्टरला डोक्याशी धरून उचलून मोरीत न्यावं, मैदानावर लोक तसंच धरून नेतात; पण वाटेत बोट निसटलं तर ते माझ्या छातीशी सुरू होणार. होल्ड दुसऱ्या, स्प्रिंग नसलेल्या बटणावर नेमावं, तर ते बटण वर केलं की होल्ड लागतं की खाली केलं की, हे मला ठाऊक नव्हतं. नेमताक्षणी निकाल. पन्नास टक्के.

राहिला एकच मार्ग, उजव्या अंगठ्याने चाक फिरवत मेनूत शिरायचं आणि सगळे पंचाहत्तर खाली आणायचे. पंधरा आकडे. मी घड्याळात पाहिलं, एक वाजून आठ मिनिटं. पडद्याच्या कोपऱ्यात ट्रान्समीटरच्या स्वतःच्या बॅटरीचं चित्र लुकलुकत होतं. एक रेघ शिल्लक. तिच्या सूचनेचा आवाज मी सकाळी बंद केला होता, नानांची झोप मोडू नये म्हणून. नानांची, ज्यांना ऐकू येत नाही.

चाकावर अंगठा ठेवला तेवढ्यात नाना उठले.

त्यांचं उठणं ठरलेलं आहे. आधी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, मग एक सुस्कारा, मग नाकासमोर टेबल. चष्म्याविना त्यांना टेबल दिसतं, टेबलावर काय आहे ते दिसत नाही. हात पुढे करून कडेकडेने चाचपत वाटीपाशी जायचं, की आधी चष्मा, मग यंत्र. मी हाक मारली. मोठ्याने मारली. वर राहणाऱ्यांनी बहुतेक ऐकली. मग त्यांच्या आडवा जायला निघालो, पण टेबलाची खुर्ची मध्ये होती आणि ती पायाने सरकवताना माझा डावा हात हलला. बोटाखालची स्प्रिंग मला स्वच्छ जाणवली. मी जागच्या जागी थांबलो. नाना थांबले नाहीत.

त्यांचा उजवा हात, तीन बोटांचा, टेबलाच्या कडेवरून सरकत पात्याखाली गेला.

मी उजव्या हाताने पातं धरलं. मुळाशी, मूठ वळून. धाडस वगैरे मनात धरू नका. बोट निसटलंच तर मोटरला आधी माझ्या मुठीशी भांडावं लागेल आणि तेवढ्या वेळात नानांचा हात बाहेर येईल, एवढा हिशेब होता. माझ्या मुठीचं काय होईल, हा रकाना मी कोरा ठेवला.

वाटीकडे जाणाऱ्या नानांच्या बोटांना माझं मनगट लागलं. त्यांनी ते चाचपलं, ओळखलं, आणि बसमध्ये ओळखीचा भेटल्यावर थोपटतात तसं थोपटलं. मग चष्मा घेतला. तो लावला. यंत्र घेतलं, कानात बसवलं, ते शिट्टी वाजवायला लागलं, काढलं, परत बसवलं. तोवर एक वाजून चौदा मिनिटं झाली होती. मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्या मुठीकडे पाहिलं, आणि माझ्या डाव्या बोटाकडे.

“गार्ड नाही याला,” नाना म्हणाले.

मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण झाले नाहीत. काय झालंय ते विचारलं. मी थोडक्यात सांगितलं, म्हणजे माझ्या मते थोडक्यात. त्यांनी दोन वाक्यांतच हात वर केला. वायर कुठली काढायची तेवढं सांगा म्हणाले. मी म्हटलं, प्लग पात्याखाली आहे, त्याला दोन हात लागतात, आणि तुमचे दोन्ही हात मी तिथे घालू देणार नाही.

नानांनी चष्मा नाकावर वर ढकलला. “मी लिहून देतो, जावईबापू. स्वतःच्याच निष्काळजीपणाने. शब्द पाठ आहेत मला.”

चोवीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढवून नाही, टोमणा मारल्यासारखं तोंड करूनही नाही. लाकडाचं माप सांगावं तसं. पडद्यावरची रेघ लुकलुकत होती आणि माझ्या तर्जनीला मुंग्या यायला लागल्या होत्या.

“प्लग नको,” मी म्हटलं. “चाक फिरवा. मी सांगतो तसं.”

ते टेबलाला वळसा घालून माझ्या पाठीमागे आले आणि खांद्यावरून हात पुढे घालून ट्रान्समीटरच्या चाकावर अंगठा ठेवला. मी एक एक पान सांगत गेलो. खाली, खाली, आता दाबा. त्यांचा अंगठा जाड, घट्टे पडलेला, एका खटक्याऐवजी दोन खटके जायचे. दोनदा भलत्याच पानावर गेलो. एकदा भाषा बदलायच्या. पण चुकल्यावर ते घाबरत नव्हते, नुसते मागे येत होते. रंधा चुकीचा लागला तर सुतार जसा लाकूड फिरवून घेतो तसं. मी मात्र त्यांच्या प्रत्येक खटक्याला श्वास रोखत होतो आणि श्वास रोखला की बोट सैल होतं, हा शोध मला त्या दुपारी लागला.

शेवटी ते पान आलं. पाच ठिपके आणि त्यांच्यातून गेलेली आडवी रेघ. हे काय, नानांनी विचारलं. मी समजावलं. दांडीचे पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याला एक आकडा, असे तीन चालींचे पंधरा आकडे, सगळे शून्यावर आणायचे.

“खिळे आहेत हे,” नाना म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. कमानीचं लाकूड कापायचं असलं की फळीवर पाच खिळे ठोकतात, त्यांच्या कडेने लवचीक पट्टी वाकवतात आणि पट्टीच्या कडेने पेन्सिल ओढतात. खिळा हलवला की कमान बदलते. पन्नास वर्षं हेच केलंय म्हणाले. मग विचारलं, “दांडी आत्ता कुठे आहे?”

तळाशी, मी म्हटलं.

“मग पहिल्याच खिळ्यावर आहे. बाकीच्या चौदांशी काय घेणंदेणं?”

मी पुस्तकातलं ते प्रकरण चार वेळा वाचलं होतं. शेवटच्या वेळी पेन्सिलीने खुणा करून. आणि मी आकडे भरत होतो, फॉर्मचे रकाने भरावेत तसे, कोणता आकडा कधी लागतो याच्याशी देणंघेणं नसल्यासारखा. मास्तरांनी न बोलता ट्रान्समीटर का परत दिला, ते मला एकाएकी समजलं.

नानांनी पहिला ठिपका धरला आणि चाक फिरवलं. चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तर. एकेक खटका. रेघेचं डावं टोक पडद्यावर खाली वाकायला लागलं. साठ. ट्रान्समीटर हातात थरथरला. आवाज बंद केला की तो थरथरून सांगतो, बॅटरी संपत आली. पन्नास. बोट बधिर झालं होतं. बटण ओढलेलं आहे की नाही हे आता मला बोटावरून कळत नव्हतं, पडद्यावरच्या ‘होल्ड’ या अक्षरांवरून कळत होतं, आणि पडद्याचा उजेड दर दहा सेकंदांनी जात होता. एकतीस. बत्तीस. तेहेतीस.

“उलटं,” मी म्हटलं.

नानांचा अंगठा थांबला, परत फिरला. वीस. दहा. चार. शून्य.

घड्याळात एक पंचवीस. मी सुटकेचा श्वास सोडायला लागलो आणि म्हटलं, झालं, आता तुम्ही स्वयंपाकघरात जा, मी सोडतो.

नाना गेले नाहीत. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, “हा दोन कसला?”

तो दोन म्हणजे दुसरी चाल. ज्या पानावर आम्ही होतो ते दुसऱ्या चालीचं पान होतं. मी नेहमी तिथूनच सुरुवात करायचो म्हणून तेच उघडलं होतं. आणि चालीचं बटण होतं एकवर. पहिल्या चालीचा पहिला खिळा अजून पंचाहत्तरवर होता. मी बोट सोडलं असतं, तर आम्ही शून्य भलत्याच कागदावर भरून मोकळे झालो असतो आणि पाती सुटली असती. माझी मूठ त्यांच्यावर होती.

मी बटण बघितलं, पडदा बघितला, परत बटण बघितलं. नानांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी प्रश्न परत विचारला. मी सांगितलं. मग चालीचं बटण दोनवर करायचं का, ते म्हणाले. करायचं होतं. त्यांनी करंगळी नसलेल्या हाताने ते अलगद वर ढकललं आणि माझ्याकडे न बघता दोनदा तपासलं, एकदा बटणावर, एकदा पडद्यावर.

जिन्यात पावलं वाजली. बायको लिफ्ट घेत नाही. आमचं दार आत उघडतं आणि टेबलाच्या कोपऱ्याला आपटतं, रोज, त्यावरूनही आमची भांडणं झालेली आहेत. नाना लगबगीने दाराकडे गेले आणि आतून कडी लावली. मग परत येताना टेबलाला लांबचा वळसा घालून स्वयंपाकघराच्या चौकटीत जाऊन उभे राहिले.

“हात काढा आधी,” ते म्हणाले. “मग भिंतीला टेका. मग सोडा. एका वेळी एक.”

मी मूठ उघडली. तळव्यावर पात्याची रेघ उठली होती. मागे सरकत सरकत भिंतीला पाठ लावली. किल्ली कुलपात फिरली, दार कडीपर्यंत येऊन अडलं, आणि बेल वाजली. ट्रान्समीटर पुन्हा थरथरला. मी बोटाला सोड म्हणून सांगितलं. बोटाने ऐकलं नाही. खरंच नाही ऐकलं, ते तसंच आकड्यासारखं वळून राहिलं. मला उजव्या हाताने ते एका एका पेराने उकलावं लागलं.

बटण टक् करून जागेवर गेलं.

पाती हलली नाहीत. बेल परत वाजली. मी पात्यांकडे बघत राहिलो. पाती जिथे होती तिथेच होती, एक टोक वाटीवर.

नाना आले, टेबलाशी वाकले, आणि आठ बोटांनी तो प्लग एका झटक्यात उपटला. दातओठ खावे लागले नाहीत त्यांना. मग मी ट्रान्समीटर बंद केला, हा क्रम तेवढा मला आठवत होता. खिशात फोन वाजायला लागला. दारापलीकडून बायकोने हाक मारली, मला नाही, नानांना.

नाना कडीकडे निघाले. तेव्हा मी त्यांना विचारलं. असं काही विचारायचं मी ठरवलेलं नव्हतं. फॉर्मवर तो प्रश्न नव्हता, म्हणून चोवीस वर्षं मलाही तो पडला नव्हता.

“नाना, तो करवतीवरचा गार्ड. काढला कोणी होता?”

ते कडीवर हात ठेवून थांबले. मला वाटलं, मालकाचं नाव घेतील. मुकादमाचं घेतील. बायकोने ही दोन्ही नावं मला इतक्या वेळा ऐकवली आहेत की त्या माणसांच्या वाढदिवसाला मी शुभेच्छा पाठवू शकेन.

“मीच,” नाना म्हणाले. “गार्ड असला की फळी अडकायची. काम रेंगाळायचं.” मग म्हणाले, “निकाल तुमचा बरोबर होता. पण विचारायला पाहिजे होतं तुम्ही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

आणि कडी काढली.

दार कोपऱ्याला आपटलं. बायको आत आली, अजून दवाखान्यातला पांढरा कोट अंगात, आणि दारातच उभी राहिली. ती बोलण्याआधी मोजते, धंद्याची सवय. तिने टेबलावरचं हेलिकॉप्टर बघितलं, लोंबणारी वायर बघितली, वडिलांचा उजवा हात उचलून उलटासुलटा करून बघितला. मग माझा डावा हात घेतला. तर्जनी अजून वाकडीच होती. तिने ती सरळ करून बघितली, सोडली, ती परत वळली.

कडी का लावली होती, असं तिने विचारलं नाही. हेलिकॉप्टरच्या खोक्यातलं पुस्तक तिने मी वाचायच्या आधी वाचलं होतं, निदान पहिलं पान, चौकटीसकट.

“पाती काढून ठेवायची असतात ना?” ती म्हणाली. “लावून कोणी ठेवली?”

तिच्याशी भांडताना वापरता येईल अशी एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे होती. ती मिळून पुरतं एक मिनिटही झालं नव्हतं. मी नानांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, कानाशी काहीतरी करत होते.

“मीच,” मी म्हटलं.

तिने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दीर्घ श्वास घेतला, आणि त्याच वेळी नानांनी यंत्र कानातून काढून वाटीत ठेवलं.